फॉरेन्सिकवाले नेमकं काय करतात? (पुतणीसाठी विचारतोय)

रानवाट
सोमवार, रात्री ८:४०

मंडळी, पुतणीची शाळा संपत आलीय आणि तिने जाहीर केलंय की ती फॉरेन्सिक सायंटिस्ट होणार. घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते, 'मढ्यांत काय करियर करायचं?' वडील म्हणतात, 'कर, पण आधी नीट माहिती काढ.' माहिती काढायचं काम अर्थातच काकाच्या गळ्यात.

तिच्या डोक्यातलं चित्र असं: घटनास्थळी जायचं, काहीतरी फवारायचं, भिंत निळी चमकते, कॉम्प्युटर दोन मिनिटांत फोटोसकट नाव सांगतो, मग गुन्हेगाराची कॉलर धरायची. हे सगळं खोटं आहे एवढं मलाही कळतं. पण खरं काय ते कळत नाही. या क्षेत्रातलं कोणी इथे असेल तर रोजचं काम कसं असतं, जबाबदारी कोणती असते, ते कृपया लिहा.

तिचा स्वतःचा प्रश्न एकच आहे आणि तो मला जास्त आवडला: 'काका, त्यांचं चुकलं तर काय होतं?'

निवांत
सोमवार, रात्री ८:५२

मालिकांतला फॉरेन्सिकवाला सकाळी शवविच्छेदन करतो, दुपारी गोळी जुळवतो, संध्याकाळी मोबाइल उघडतो आणि रात्री संशयिताला रडवतो. माझ्या ऑफिसात एका माणसाकडून एक काम होत नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत खुर्ची टाकून बसलोय.

जुनी_काच
सोमवार, रात्री १०:१५

मी ३१ वर्षं विषशास्त्र विभागात काढली, आता निवृत्त आहे. त्या ३१ वर्षांत मी एकाही गुन्हेगाराची कॉलर धरलेली नाही. बहुतेकांचे चेहरेसुद्धा पाहिले नाहीत.

निवांत यांनी गमतीत सांगितलं ते खरंच आहे. हे एक काम नाहीच. शवविच्छेदन करणारा डॉक्टर असतो, त्याचं शास्त्र वेगळं. आमच्याकडे विष, औषधं, मद्य पाहणारे वेगळे, रक्त-डीएनए पाहणारे वेगळे, बंदुका-गोळ्यांचे वेगळे, हस्ताक्षर-कागदपत्रांचे वेगळे, बोटांच्या ठशांचे वेगळे, फोन-हार्डडिस्कवाले वेगळे. एका विभागातल्याने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. कोर्टात तसा मोह होतो, कारण वकील विचारतो आणि आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. 'हा माझा विषय नाही' हे वाक्य मी पहिल्या पाच वर्षांत शिकलो, तेही एका न्यायाधीशांनी चारचौघांत कान उपटल्यावर.

आता रोजचं काम. पाकीट येतं. उघडायच्या आधी सील पाहायचं: शाबूत आहे का, सोबतच्या नमुन्याशी जुळतं का. नंबर, वजन, बाटली काचेची की प्लॅस्टिकची, झाकण घट्ट की सैल, आत किती, रंग कसा, सगळं लिहायचं. पाकीट कोणी आणलं, कोणी घेतलं, कोणत्या कपाटात ठेवलं, बाहेर कधी काढलं, प्रत्येक वेळी तारीख, वेळ, सही. यंत्राला हात लागायच्या आधीच तासभर लेखणीत जातो. पुतणीला लिहायचा कंटाळा असेल तर आत्ताच सांगून टाका.

मग तपासणी. इथे एक गोष्ट तिला नीट समजवा. आमच्याकडच्या चाचण्या दोन जातीच्या असतात. एक नुसती शंका घेणारी, दुसरी खात्री करणारी. ती निळी चमकणारी भिंत म्हणजे ल्युमिनॉल नावाचं फवारायचं रसायन. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह ती प्रक्रिया घडवून आणतं म्हणून प्रकाश पडतो. पण ब्लीचनेही पडतो, तांब्याच्या क्षारांनीही पडतो. म्हणजे बाथरूम स्वच्छ घासणारी गृहस्थ माणसंही निळी चमकतील. निळं दिसलं याचा अर्थ 'इथे रक्त होतं' असा नसून 'इथलं पुढे तपासायला पाठवा' एवढाच. मग रक्त आहे का, माणसाचं आहे का, कोणाचं आहे, हे तीन वेगळे प्रश्न आणि तीन वेगळ्या परीक्षा.

उरलेलं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ७:३०

काका, थांबू नका. विषाबद्दल लिहा. 'या द्रवात कोणतं विष आहे' ते सांगणारं यंत्र असतं ना?

जुनी_काच
मंगळवार, सकाळी ११:०५

नसतं. हीच तर मेख आहे.

'सर्व विषं' ओळखणारं एक यंत्र अस्तित्वात नाही. तुम्ही जे शोधायला निघता त्यासाठी नमुना तयार करता आणि तेच सापडू शकतं. झोपेच्या गोळ्या, कीटकनाशकं, मादक पदार्थ यांसाठी गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक सुटे करायची पद्धत), पुढे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र). शिसं, पारा, आर्सेनिक असे धातू त्या वाटेने मिळतच नाहीत, त्यांची रीत निराळी. मद्य निराळं. कार्बन मोनॉक्साइड निराळा. म्हणून तपास अधिकाऱ्याने पाठवलेली हकिकत लागते: शेजारी रिकामी पाकिटं होती का, उलटी झाली होती का, माणूस कोणती औषधं घेत होता. 'विष आढळले नाही' असं आम्ही लिहितो तेव्हा त्याचा खरा अर्थ 'ज्या ज्या विषांसाठी पाहिलं ती या पद्धतीच्या मर्यादेपर्यंत आढळली नाहीत' असा असतो. हे शेपूट अहवालात लिहिलंच पाहिजे. लिहिलं नाही तर वाचणारा 'विषप्रयोग झालाच नाही' असं वाचतो.

बरं, सापडलं तरी संपत नाही. माणूस गेल्यावर काही औषधं यकृत, फुप्फुसं, हृदयाचा स्नायू यांतून निघून आजूबाजूच्या रक्तात पाझरतात. त्यामुळे एकाच देहात हृदयाजवळच्या रक्तात औषधाचं प्रमाण मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त भरू शकतं. बाटलीवर नुसतं 'रक्त' लिहून आलं आणि कुठून काढलं ते नसलं, तर रोजची साधी मात्रा घेणारा म्हाताराही कागदावर आत्महत्या केलेला दिसेल.

मद्याचं तर विचारूच नका. देह कुजायला लागला की जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात ते याचसाठी, जंतूंचं काम थांबावं म्हणून. शंका आली तर डोळ्यातला द्रव तपासायचा, तिथे कुजण्याचा परिणाम उशिरा पोचतो. आयुष्यभर थेंबाला न शिवलेला माणूस अहवालात दारुडा ठरू नये, हीसुद्धा आमचीच जबाबदारी. विम्याचे पैसे त्यावर अडतात आणि घरच्यांची मान खाली जाते ती वेगळीच.

तळटीप
मंगळवार, दुपारी १:२०

काकांच्या 'शोधाल तेच सापडतं' वरून इतिहासातली एक जोडी आठवली.

१८३२ साली इंग्लंडमध्ये एका तरुणावर आजोबांना आर्सेनिक दिल्याचा खटला झाला. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिक शोधलंही. पण ज्युरीसमोर दाखवायची वेळ येईपर्यंत चाचणीत तळाशी बसलेला साका बिघडला आणि आरोपी सुटला. नंतर म्हणे त्याने गुन्हा कबूल केला. मार्शने हे मनाला लावून घेतलं आणि १८३६ मध्ये अशी पद्धत काढली की अगदी किंचित आर्सेनिकचाही काचेवर चकचकीत काळसर आरसा उमटावा. डोळ्यांना दिसणारा पुरावा!

मग १८४०. फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या बाईवर नवऱ्याला विष घातल्याचा आरोप. तिथल्या रसायनतज्ञांना ही नवी चाचणी नीट जमेना, कधी सापडे, कधी सापडेना. शेवटी पॅरिसहून मातेओ ऑर्फिला आले. त्यांनी देहात आर्सेनिक दाखवलं हे सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हे आर्सेनिक वापरलेल्या रसायनांतून आलेलं नाही आणि शवपेटीभोवतीच्या मातीतूनही नाही, हेही त्यांनी तपासून सांगितलं. त्या काळी आम्लं आणि जस्त यांतच आर्सेनिकची भेसळ असायची, त्यामुळे नुसतं 'सापडलं' म्हणून भागत नव्हतं.

जुनी_काच
मंगळवार, दुपारी ४:४०

तळटीप, अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. त्याला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. नमुना न घालता बाकी सगळं तेच करायचं. ब्लँक कोरा आला पाहिजे.

माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीची आठ-नऊ वर्षं झाली होती, हात बसला होता, म्हणजे माणूस चुकायला अगदी तयार झालेला. नमुन्यांची रांग यंत्रावर लावली आणि वेळ वाचवायला मधले ब्लँक गाळले, फक्त सुरुवातीला एक आणि शेवटी एक ठेवला. सकाळी पाहतो तर शेवटच्या ब्लँकच्या आलेखात एका कीटकनाशकाचं छोटंसं शिखर. रांगेत मध्यावर एक नमुना त्या विषाने नुसता भरलेला होता आणि त्याचा अंश यंत्रात राहून पुढच्या नमुन्यांत उतरत गेला होता. त्यातल्या दोघांच्या आलेखांवर 'विष आढळले' असं लिहायला मी पेन उचललंच होतं. नऊ नमुने पुन्हा काढले, तीन दिवस गेले, साहेबांची बोलणी खाल्ली. ते दोघे कोरे निघाले.

त्या दोघांपैकी एकाच्या बायकोला पोलिसांनी आधीच दोनदा बोलावलं होतं, हे मला कागदपत्रांवरून कळलं. शेवटचा ब्लँकही गाळला असता तर? त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक नमुन्याआड ब्लँक लावला. पोरं मला 'कोरेकाका' म्हणायची.

आणि हो, ती चूक मी नोंदवहीत जशीच्या तशी लिहिली. खाडाखोड करायची नाही, चुकीच्या ओळीवर एक रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे, शेजारी सही. दडवलेली चूक पुढे कोर्टात सापडली की तुमचे खरे अहवालही संशयात जातात.

कवडसा
मंगळवार, रात्री ९:००

काका _/\_

मी डीएनए विभागात आहे, अजून नोकरीत, म्हणून जपून लिहिते. आमच्याकडचा ब्लँक प्रकार तर आंतरराष्ट्रीय पातळीवर गाजला. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये मिळून सुमारे ४० घटनास्थळी एकाच बाईचा डीएनए मिळत होता. खून, घरफोड्या, गाडीचोरी, काही म्हणजे काही वर्ज्य नाही. २००७ मध्ये हाइलब्रॉनला एका पोलीस कर्मचारी महिलेचा खून झाला, तिथेही तीच. बक्षीस लागलं, पथकं नेमली. २००९ मध्ये एका पुरुषाच्या ठशांच्या जुन्या कागदावरही हीच 'बाई' सापडली आणि डोकी ठिकाणावर आली. नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार व्हायच्या तिथल्या कामगार महिलेचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी स्वतंत्र आयएसओ मानक आलं.

म्हणूनच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सगळ्यांचा डीएनए आधीच नोंदवून ठेवतात. माझाही आहे. नमुन्यात मीच सापडले तर मला कळलं पाहिजे!

पुतणीसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट: रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच भरायचे नाहीत. ओल धरते, बुरशी आणि जंतू डीएनए खाऊन टाकतात. सावलीत वाळवून कागदी पाकिटात. कितीतरी प्रकरणं प्रयोगशाळेत पोचायच्या आधी पिशवीतच संपलेली असतात आणि मग 'फॉरेन्सिकला काही मिळालं नाही' असं छापून येतं.

शंकेखोर
मंगळवार, रात्री ९:४५

हे सगळे अपवाद झाले. डीएनए जुळला म्हणजे जुळला. करोडोंत एक अशी शक्यता असते. उगाच आरोपीच्या वकिलांना दारूगोळा कशाला पुरवायचा?

कवडसा
मंगळवार, रात्री १०:३०

शंकेखोर, डीएनए बहुधा 'कोणाचा' हे सांगतो. 'कसा आला', 'कधी आला' हे सांगत नाही.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका घरात शिरून मालकाचा खून झाला. मृताच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. अगदी स्वच्छ जुळणी. त्याला पकडलं, त्यालाही काही आठवेना, कारण त्या रात्री तो पिऊन पडलेला. पाच महिने कोठडीत. मग वकिलांनी नोंदी काढल्या तर खुनाच्या वेळी तो रुग्णालयात, जवळजवळ बेशुद्ध. झालं असं की त्याला ज्या रुग्णवाहिकेच्या माणसांनी उचललं, तीच माणसं काही तासांनी खुनाच्या जागी गेली. त्यांच्या हातांवरून किंवा बोटाला लावायच्या उपकरणावरून डीएनए इकडून तिकडे गेला.

प्रयोगशाळेने यात काहीच चूक केली नव्हती, हे लक्षात घ्या. डीएनए त्याचाच होता.

चाचण्या जितक्या संवेदनशील होत चालल्यात तितका हा प्रश्न वाढतोय. पूर्वी रक्ताचा ठळक डाग लागायचा, आता मोजक्या पेशी पुरतात. मोजक्या पेशी कुठूनही येतात.

आकडेमोड
बुधवार, सकाळी ७:१०

'करोडोंत एक' बद्दल माझे चार आणे.

समजा डीएनएचा तपशील अर्धवट मिळालाय आणि अशी जुळणी दहा लाखांत एकाची योगायोगाने होते. शहराची वस्ती एक कोटी. म्हणजे नुसत्या योगायोगाने जुळणारी दहाएक माणसं त्या शहरात आहेत. दुसरा काहीच पुरावा नसेल आणि संशयित नुसता यादी चाळून सापडला असेल, तर तो त्या दहांतला एक असू शकतो. पण कोर्टात वाक्य कसं येतं? 'आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक.' दोन्ही वाक्यं सारखी वाटतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निर्दोष माणसाचा नमुना जुळण्याची शक्यता वेगळी आणि नमुना जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता वेगळी.

इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. तज्ञ डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की अशा घरात एका बाळाचा अचानक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळांची ७ कोटी ३० लाखांत एक. सरळ गुणाकार केला, जणू एकाच घरातल्या दोन भावंडांचा एकमेकांशी काही संबंधच नाही! सामायिक आनुवंशिक कारण असू शकतं, ते गेलं कुठे? वर, दोन खून होण्याची शक्यता किती, हे कोणी विचारलंच नाही. ती २००३ मध्ये सुटली. आणि सुटली कशावरून? दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतुसंसर्ग दिसणारे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे होते, ते त्यांनी बचाव पक्षापुढे आणलेच नव्हते.

मला विचाराल तर पुतणीने रसायनशास्त्राइतकंच संख्याशास्त्र शिकावं.

शंकेखोर
बुधवार, सकाळी ९:००

गुणाकाराचं पटलं, मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. पगार सरकार देतं, नमुना पोलीस आणतात, साक्षीला सरकारी वकील बोलावतो. मग हे लोक सरकारच्या बाजूचे नाहीत असं कसं म्हणायचं?

जुना_तपासी
बुधवार, दुपारी १२:३०

याचं उत्तर मी देतो, कारण मी पलीकडच्या बाजूला होतो. तपास अधिकारी म्हणून पाकिटं पाठवायचो.

खरं सांगू? मला हे लोक आवडायचे नाहीत. आम्हाला माणूस कोण आहे ते 'माहीत' असायचं आणि यांच्याकडून कागद यायचा: 'निश्चित मत देता येत नाही.' मी फोन करायचो, 'अहो, त्याने कबूल केलंय, तुम्ही फक्त जुळवून द्या.' पलीकडच्या बाई शांतपणे म्हणायच्या, 'कबूल केलंय तर मग माझ्याकडे कशाला पाठवलंत?' आणि फोन ठेवायच्या. तेव्हा चिडायचो. आता वाटतं त्यांनी फोन घ्यायलाच नको होता.

कारण कबुलीचं म्हणाल तर, डीएनएचा पोलीस तपासात पहिला मोठा उपयोग झाला तो इंग्लंडमध्येच, १९८६ साली, आणि त्याने पकडलं कोणाला नाही, आधी सोडवलं. दोन शाळकरी मुलींचे खून, १७ वर्षांच्या एका मुलाने एकाची कबुलीही दिलेली. अॅलेक जेफ्रीज यांनी तपासलं: दोन्ही खुनांतला माणूस एकच, आणि तो हा मुलगा नव्हे. खरा गुन्हेगार नंतर सापडला, तोही आसपासच्या सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेतल्यावर. त्याने आपल्याऐवजी मित्राला रक्त द्यायला पाठवलं होतं. मित्र कुठेतरी बोलून गेला म्हणून. म्हणजे शास्त्राच्या जोडीला गप्पा लागल्याच!

मी माझ्या पोरांना शिकवताना हेच सांगायचो.

कवडसा
बुधवार, दुपारी २:००

'फोन घ्यायलाच नको होता' हे फार मोलाचं बोललात. आमच्या क्षेत्रात यावर प्रयोग झालाय. २००६ मध्ये प्रकाशित. पाच अनुभवी ठसेतज्ञांना, त्यांनीच काही वर्षांपूर्वी 'जुळतात' म्हणून ठरवलेले ठसे पुन्हा दिले. ठसे आपलेच आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. उलट त्यांना सांगितलं की माद्रिदच्या प्रकरणात चुकून जुळवलेले ते हेच. पाचांपैकी चौघांनी आपलं जुनं मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच, फक्त सांगितलेली गोष्ट वेगळी.

माद्रिदचं प्रकरण म्हणजे २००४ चे रेल्वे बॉम्बस्फोट. डिटोनेटरच्या (स्फोट घडवणाऱ्या साधनाच्या) पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे असं एफबीआयच्या तज्ञांनी ठामपणे सांगितलं. एकाने जुळवलं, इतरांनी त्यावर शिक्का मारला. स्पेनचे पोलीस आधीपासून म्हणत होते की जुळत नाही. तो वकील दोन आठवडे कोठडीत होता, मग स्पेनने खरा माणूस शोधून काढला. ते तज्ञ नवखे नव्हते, कामचुकारही नव्हते. पहिल्याने काय ठरवलं ते दुसऱ्याला माहीत होतं, बस.

त्यामुळे शंकेखोर, बाजू पगारामुळेच ठरते असं नाही. नको ती माहिती आधी कानावर पडल्यानेही ठरते. आता चांगल्या प्रयोगशाळांत आधी घटनास्थळाचा ठसा एकटाच पाहून त्यातली वैशिष्ट्यं लिहून ठेवतात, मगच संशयिताचा उघडतात. तपासणारा दुसरा माणूसही पहिल्याचं मत न पाहता काम करतो. किंवा करायला हवा. मनुष्यबळ कमी असलं की हेच पहिलं गाळलं जातं.

जाता जाता, काकांचं म्हणणं मला इथे थोडं खटकलं. विषशास्त्रात हकिकत लागते हे मान्य. पण हकिकत हवी तेवढीच हवी. 'बायकोवर संशय आहे' हे रसायनतज्ञाला कशाला कळायला हवं?

जुनी_काच
बुधवार, सायंकाळी ६:१५

कवडसाताई, मान्य. आमच्या काळी अख्खा कागद हातात यायचा आणि आम्ही तो कादंबरीसारखा वाचायचो. औषधांची यादी हवी, संशयाची नको. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

उलटतपासणी
बुधवार, रात्री ११:००

उशिरा आले. मी फौजदारी वकील, मुख्यतः बचावाची. तुमच्यासारख्या लोकांना पिंजऱ्यात उभं करून छळणारी ती मीच.

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी थेट दिलेलं दिसत नाही. चुकलं तर काय होतं? दोन प्रकारे चुकतं.

पहिला, ठरवून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये अमली पदार्थ तपासणारी एक रसायनतज्ञ होती. इतरांपेक्षा कितीतरी जास्त नमुने हातावेगळे करायची, सगळे तिचं कौतुक करायचे. २०१२ मध्ये उघड झालं की ती बरेच नमुने न तपासताच, नुसते डोळ्यांनी पाहून निकाल लिहीत होती. तिला तुरुंगवास झाला आणि २०१७ मध्ये २१,००० हून अधिक गुन्ह्यांचे निकाल रद्द करावे लागले. त्यात खरोखर दोषी किती आणि निर्दोष किती हे आता कधीच कळणार नाही. फार वेगाने काम करणाऱ्याचं कौतुक करण्याआधी कोणीतरी त्याची वही उघडायला हवी होती.

दुसरा प्रकार मला जास्त भीतीचा वाटतो, कारण त्यात कोणी खोटं बोलत नाही. एफबीआयने २०१५ मध्ये स्वतः कबूल केलं की सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवणाऱ्या त्यांच्या २८ तज्ञांपैकी २६ जणांनी साक्षीत किंवा अहवालात शास्त्राला झेपेल त्यापेक्षा जास्त ठाम विधानं केली होती. ही पद्धत फार तर 'हा केस त्याचा असू शकतो' म्हणू शकते. साक्षीत ते 'त्याचाच' होऊन बसलं. ती माणसं प्रामाणिक होती, त्यांना मदत करायची होती.

म्हणून मी कोर्टात चांगल्या तज्ञाला कशी ओळखते ते सांगते. मी विचारते, 'तुमच्या या मतावर कोणत्या गोष्टीने परिणाम होऊ शकला असता?' कच्चा माणूस म्हणतो, 'कशानेही नाही.' त्याला मी दुपारपर्यंत सोडत नाही. पक्का माणूस दोन-तीन गोष्टी स्वतःहून सांगतो आणि म्हणतो, 'त्या मी अशा अशा तपासल्या.' अशांना मी लवकर खाली बसवते, कारण प्रत्येक प्रश्नागणिक माझ्या अशिलाचं नुकसानच होतं.

निवांत
बुधवार, रात्री ११:२०

मी गंमत बघायला खुर्ची टाकली होती. आता वही घेऊन बसलोय.

कवडसा
गुरुवार, सकाळी ८:३०

आजींसाठीही थोडं लिहिते, 'मढ्यांत काय करियर' म्हणाल्यात म्हणून.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. हजारो तरुण गायब केले. त्यांची तान्ही बाळं, कोठडीत जन्मलेली बाळं, दुसऱ्यांच्या घरी देऊन टाकली. आज्या चौकात उभ्या राहिल्या: आमची नातवंडं द्या. पण मधली पिढीच मारली गेलेली, मग नातं सिद्ध कसं करायचं? त्या आज्यांनी स्वतः जाऊन शास्त्रज्ञांना विचारलं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९८४ पासून त्यांच्यासोबत काम केलं. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडून मुलाला जसाच्या तसा जातो, म्हणजे आईच्या आईचा आणि नातवाचा तो सारखाच असतो. मधला दुवा नसला तरी चालतं. शंभराहून अधिक नातवंडं अशी ओळखली गेली. ती आता मोठी झालेली, काहींना आपण कोण हे तिशी-चाळिशीत कळलं.

हेच काम विमान पडलं, भूकंप झाला, आग लागली की असतं. ठसे, दात, डीएनए यांवरून ओळख पटवायची. नातेवाईक चेहरा पाहून ओळखतात त्यावर विसंबता येत नाही, दुःखात माणसं चुकतात. घाई केली की एका घरचा देह दुसऱ्या घरी जातो आणि मग दोन घरं उद्ध्वस्त होतात. बाहेर लोक ओरडत असतात, 'किती दिवस लावता?' आत आम्ही जुळवत असतो. त्या ओरडण्याचा राग येत नाही, पण घाईही करायची नसते.

रानवाट
गुरुवार, रात्री ९:१०

काय लिहू? धागा काढला तेव्हा दोन-चार प्रतिसाद येतील असं वाटलं होतं. आज संध्याकाळी सगळं पुतणीला वाचून दाखवलं. आजीही ऐकत होत्या. अर्जेंटिनाच्या आज्यांपाशी त्या उठून आत गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, 'शिकू दे तिला.'

पुतणीचा जुनी_काच काकांना प्रश्न आहे: रात्री झोप लागायची का? आणि वासाचं काय?

जुनी_काच
गुरुवार, रात्री १०:२०

वासाची पंधरा दिवसांत सवय होते. घरच्यांना होत नाही.

झोप लागायची. मला समोर नाव नसायचं, नंबर असायचा, आणि ते बरंच होतं. फक्त लहान मुलांच्या बाटल्या आकाराने लहान असतात, त्या हातात घेतल्यावर कळायचं. तेवढ्या दिवशी घरी गेल्यावर कोणाशी बोलायचो नाही. बायकोला ठाऊक होतं, ती विचारायची नाही.

तिला सांगा, आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र पक्कं करायचं, आकडेमोड म्हणतात ते संख्याशास्त्र करायचं, फॉरेन्सिकची पदवी त्यावर. आणि अक्षर सुधारायला सांगा. माझ्या एका साक्षीत ७ आहे की १ यावर पाऊण तास गेला होता.

रानवाट
शुक्रवार, सकाळी ७:४५

अक्षराचं माहीत नाही, पण आज सकाळी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या लागलेल्या दिसल्या. आत काय, वजन किती, केव्हा भरलं, कोणी भरलं, खाली सही. साखरेच्या बरणीवर लिहिलंय: 'दिसायला साखरेसारखं. खात्री केलेली नाही.'

जुनी_काच
शुक्रवार, सकाळी ८:०५

चव घेऊन पाहिलं नाही ना? छान. पण दुसऱ्या माणसाचीही सही लागते म्हणावं, आजींची घे.